वाढत्या अंगाचे

माणसाच्या आयुष्यात एकच काळ असा असतो की, त्या काळात त्याचे कपडे फाटण्यापूर्वीच तोकडे होतात. आमच्या लहानपणी या संकटावर घरोघर एक उपाय ठरलेला असे. शिंप्याकडे कापड टाकताना आई त्याला बजावून सांगे, "वाढत्या अंगाचं शिवा हो!" मग तो सदरा पहिले वर्षभर खांद्यावरून ओघळे, दुसऱ्या वर्षी अंगास बेताचा होई, आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाच्या वाट्यास जाऊन तेथे पुन्हा पहिल्यापासून ओघळू लागे. तीन वर्षांतून एखादे वर्षच आम्ही नीट दिसत असू. परंतु आईच्या त्या दोन शब्दांत केवढा विश्वास भरलेला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले. आणि ते शिकविले माझ्या भाचीच्या दुकानाने.

दुकान म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांसमोर पाटी, गल्ला आणि गादीवर बसलेला मालक उभा राहील. यांतले तेथे काहीही नाही. बदलापुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत शिवणाची तीन यंत्रे. दुसरीत पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्ट्या, एक लहानसा वजनकाटा आणि संगणक. गिऱ्हाईक या जिन्यावर कधी पाऊल टाकीत नाही. रात्री एक-दीडच्या सुमारास, पोर एकदाचे निजल्यावर, लातूरची किंवा बडोद्याची एखादी आई अंधारात मोबाइलवर बोट फिरविते आणि सकाळी तिची मागणी येथे पडद्यावर उमटलेली असते. दिवसा मागण्या थोड्या, रात्री फार! तान्ह्या मुलांच्या वस्तू विकणाऱ्या या ऑनलाइन दुकानाचे वेळापत्रक तान्ही मुलेच ठरवितात, हे पाहून प्रथम मला मोठी मौज वाटली.

दुकानाचा जन्म २०२० सालचा. त्या उन्हाळ्यात भाचीला मुलगी झाली. देशभर टाळेबंदी होती, बाजार बंद होते, आणि बाळंतविडा कोठून आणावा हा प्रश्न होता. माझी बहीण जुन्या वळणाची. तिने ट्रंकेतून नेसून नेसून मऊ झालेली सुती लुगडी काढली आणि घरच्या यंत्रावर झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी यांचा ढीग घातला. तान्ह्या जिवाच्या अंगाला पहिले काही दिवस नवे कापड लावू नये, धुऊन विरलेले जुनेच लावावे, अशी आमच्याकडील रीत. नवे कापड खरखरते, त्यात खळ असते, हा त्यातला व्यवहार. आणि आजीच्या पदराची ऊब त्याला मिळावी, हा त्यातला भाव. भाचीने त्या कपड्यांची छायाचित्रे खिडकीतल्या उजेडात काढून मैत्रिणींना पाठविली. दोघींनी विचारले, मग दहाजणींनी. पुढल्या वर्षी तिने अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि ती माझ्याकडे दोन लाख रुपये मागावयास आली.

आमच्या घराण्यात आजवर कोणी दुकान घातले नव्हते. तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकविलेल्या मामाला भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून लंगोटांच्या व्यापारात घालावयाचे म्हणजे जिवावर आले. तेव्हा तिने मला पुण्याचा दाखला दिला. 'फर्स्टक्राय' हे दुकान सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी २०१० साली पुण्यात सुरू केले. परदेशी कामानिमित्त जाणाऱ्या माहेश्वरींना आपल्या मुलीसाठी तिकडून वस्तू आणाव्या लागत. त्या येथे का मिळू नयेत, या प्रश्नातून त्या धंद्याची कल्पना निघाली. आधी ते केवळ इंटरनेटवर होते, मग गावोगाव खरीखुरी दुकाने निघाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कंपनीचे भाग शेअर बाजारात आले तेव्हा लोकांनी चार हजार कोटींहून अधिक रुपयांचे भाग घेतले. अर्थात हा शेवटचा भाग भाचीने मला पुढे ऐकविला. २०२१ साली तिने एवढेच सांगितले की, ही कंपनी प्रसूतिगृहांत नव्या मातांना भेटीची पेटी देते. "मामा, ती पेटी फुकट का देतात, सांगा." मी म्हणालो, "सद्भावना." ती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. पैसे मात्र मी दिले.

कापड ती उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून आणू लागली. एकदोनदा मीही तिच्याबरोबर गेलो. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. हातात काही नसताना ज्यांनी पेठ उभी केली, त्यांच्या नातवंडांकडून धंद्याचा पहिला धडा मिळावा, हे योग्यच होते. एका वृद्ध व्यापाऱ्याने मलमलीचा तागा उलगडता उलगडता तिला म्हटले, "बेटी, साडीचं गिऱ्हाईक म्हातारं होईपर्यंत येतं. बच्च्याचं गिऱ्हाईक तुझ्या हातातून रोज पळतं."

हा धडा खरा होता. मोठ्यांना कपडा आवडला की तोच माणूस वर्षानुवर्षे येतो. तान्ह्याचे झबले तीन महिन्यांत आखूड होते, आणि दोन-तीन वर्षांत ते मूल या दुकानाच्या मापातूनच बाहेर पडते. म्हणजे जमविलेले सारे गिऱ्हाईक दर तीन वर्षांनी आपोआप नाहीसे होते. तळाला भोक असलेल्या रांजणात पाणी भरण्यासारखे हे काम! रांजण भरलेला दिसावयास हवा असेल तर वरची धार कधी थांबता कामा नये.

शिवाय मापांचा घोळ होताच. दुकानात 'शून्य ते तीन महिने', 'तीन ते सहा महिने' अशी मापे. पण एकाच दिवशी जन्मलेली दोन मुले एका मापाची असतील तर शपथ! कपडा परत आला की जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे दुकानाच्या माथी. यावर भाचीने आजीचा उपाय काढला. बटणांऐवजी बंद लावले, बगलेत चुणी ठेवली आणि दुकानाच्या पानावर मराठीत लिहिले : वाढत्या अंगाचे. परत येणारी पुडकी निम्म्याने घटली. बंदांचा दुसराही फायदा होता. तुटलेले बटण मुलाच्या तोंडात जाते, बंद जात नाही.

कायद्याची ओळखही क्रमाक्रमाने झाली. इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारपेठेतून माल विकावयाचा तर उलाढाल कितीही लहान असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातून सूट मिळाली. खुळखुळे ठेवावे म्हटले, तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झालेले. दुधाच्या बाटल्या ठेवाव्या म्हटले, तर १९९२ च्या कायद्याने त्यांची जाहिरात करण्यास किंवा त्यांवर आमिष दाखविण्यास बंदी. आईच्या दुधाशी व्यापाऱ्याने स्पर्धा करू नये, हा त्यातला हेतू. हे सारे वाचून मला त्या धंद्याविषयी प्रथमच आदर वाटला. ज्या गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने कायदा दुकानदाराचा हात धरून उभा होता.

परंतु कायद्याच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट होती, आणि तिच्यात माझा हात होता.

दुकान वाढावयाचे तर बाळ वाढत असताना आईला वेळेवर पुढच्या मापाची आठवण व्हावयास हवी. त्यासाठी बाळाची जन्मतारीख हवी. भाचीने मागणीच्या कागदावर जन्मतारखेचा एक रकाना घातला. आणि पुण्याच्या त्या पेटीचे कोडे मला तेव्हा उलगडले. तारीख हाती आली की पुढली दोन वर्षे हाती येतात. मग भाची म्हणाली, "मामा, तुमच्याजवळ शब्द आहेत. मला बारा पत्रं लिहून द्या. एकेका महिन्याला एक."

मी ती फार आवडीने लिहिली. वर्गात कित्येक वर्षे दुसऱ्यांचे शब्द समजावून सांगण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचे शब्द हजार घरांत वाचले जाणार, ही कल्पना सुखावून गेली. रुक्ष जाहिरातीची भाषा मी कटाक्षाने टाळली. एखादी प्रेमळ मावशी दारातून हाक मारीत आत यावी, अशी ती पत्रे होती. "काय म्हणतंय आमचं बाळ? मूठ चोखायला लागलं का?" "आता कुशीवर वळतंय ना? मग पलंगावर एकटं ठेवू नका हो!" आणि खाली सही : तुमची मावशी. संगणक जन्मतारीख पाहून ती आपोआप पाठवी. पत्रे सुरू झाली आणि सहा महिन्यांत महिन्याची पुडकी दोनशेवरून चारशेवर गेली. शिवणाऱ्या बायका तीनच्या सात झाल्या. काही आया उत्तरे पाठवीत, बाळांची छायाचित्रे पाठवीत. मी ती सहकाऱ्यांना दाखवीत असे.

गेल्या नोव्हेंबरात सहाव्या महिन्याच्या पत्राला एक उत्तर आले. त्या पत्रात मी उष्टावणाचा विषय काढला होता. चांदीची वाटी, खिरीचे बोट, आणि त्या दिवशी घालावयाचे नवे झबले, 'अर्थात वाढत्या अंगाचे!' उत्तर एका आजोबांचे होते. बाळंतविडा त्यांनीच मागविला होता, म्हणून पत्रे त्यांच्या फोनवर जात होती. त्यांनी लिहिले होते, "आमचे बाळ तेराव्या दिवशी गेले. आपली पत्रे येतात ती मी लगेच पुसून टाकतो. काल फोन मुलीच्या हातात होता. तेवढी पत्रे बंद करावीत ही विनंती. टोपडे चांगले होते. बारशाला तेच घातले होते."

भाचीने मला फोनवर हे वाचून दाखविले आणि काही न बोलता फोन ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिच्याकडे शिवणाऱ्या बायकांपैकी एकीच्या नातवाचे बारसे होते. ही बाई बारवी धरणाच्या विस्थापितांपैकी. मीही भाचीबरोबर गेलो. बदलापूरहून मुरबाडच्या दिशेने जाणारा तो रस्ता डिसेंबरात मोठा रम्य असतो. झाडीतून मध्येच जलाशयाचे निळे पाणी डोकावते. हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, १९७२ चे. याचेच पाणी बारवी आणि उल्हास नद्यांतून खाली येते, आपटी बंधाऱ्याजवळ उचलले जाते, जांभूळला शुद्ध होते आणि अंबरनाथचे कारखाने, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली अशा दूरदूरच्या नळांना पोहोचते. शहरे वाढत गेली तसतसे ते अपुरे पडू लागले, म्हणून त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली गेली. २०१९ च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत प्रथम भरले, तेव्हा साठा सुमारे २३४ वरून सुमारे ३३८ दशलक्ष घनमीटरांवर गेला होता. धरणही वाढत्या अंगाचे! मात्र त्या वाढीत काठचे पाडे पाण्याखाली गेले. या बाईचे घर त्यांपैकी एक. तिच्या जुन्या कागदांवर अजून त्या पाड्याचे नाव आहे.

बाळाला जुन्या पातळाच्या दुपट्यात गुंडाळले होते. नाव कानात सांगून झाल्यावर आमच्या बाळंतविड्यातले नवे टोपडे त्याच्या डोक्यावर चढले. ते टोपडे या आजीनेच शिवलेले होते. पुढे घुगऱ्या खाताना आजोबांच्या पत्राचा विषय निघाला. भाचीने ते तिला आधीच वाचून दाखविले होते. बाई म्हणाली, "आमच्या पाड्यावर असं झालं नसतं, ताई. बाळ गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. मग कुणी त्या घरात बाळाचं नाव काढत नाही, दुपटं वाळत घालायचं असलं तरी त्यांच्या नजरेआड घालतात." तिने हे आम्हाला दोष देण्यासाठी म्हटले नव्हते, तिच्या मनात बहुधा आपला पाडाच होता. मला मात्र हातातला द्रोण खाली ठेवावा लागला.

परतताना आम्ही पाण्याच्या काठी गाडी थांबविली. मी शहाण्या माणसाप्रमाणे बोलू लागलो. हजारांत एखाद्या घरी असे होणारच. उरलेल्या नऊशे नव्याण्णव आयांना ही पत्रे आवडतात. धंद्याचा निम्मा पसारा त्यांवर उभा आहे. सात बायकांच्या चुली त्यांवर चालतात. यांतला एकही मुद्दा खोटा नव्हता. भाचीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, वर्गात हजेरी घेताना तुमचं असं कधी झालं नाही?"

झाले होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी खाली मान घालून हजेरी घेत होतो. एका नावाला उत्तर आले नाही. मी ते पुन्हा पुकारले, आणि मग थट्टेने म्हणालो, "महाशय अजून सुट्टीतच दिसतात." पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तो मे महिन्यात गेला." हजेरीपट छापील होता, छापील कागदाला काय ठाऊक? परंतु थट्टा छापील नव्हती, ती माझी होती. तो वर्ग त्या दिवशी ज्या रीतीने गप्प झाला, ते मी भाचीला कधी सांगितले नव्हते. काठावर बसून ते प्रथम सांगितले.

तेव्हा मला माझ्या पत्रांतली चूक नीट दिसली. संगणकाने तारीख पाहून पत्र पाठविले, यात त्याचा दोष नव्हता. हेच पत्र दुकानाच्या नावाने, कोरड्या शब्दांत गेले असते, तर आजोबांनी ते इतर जाहिरातींबरोबर पुसून टाकले असते. मुलीलाही ते कदाचित इतके लागले नसते. मी तेथे मावशी पाठविली होती. पूर्वी बाळंतविडा घेऊन येणारी मावशी खरी असे. बाळ रडले तर तिला ऐकू जाई, आणि बाळ गेले तर ती निरोपाची वाट न पाहता येऊन बसे. मी मावशीचा आवाज घेतला आणि तिचे येणे-जाणे मात्र संगणकावर सोपविले. ज्या घरात खऱ्या मावश्या जपून बोलत होत्या, तेथे माझी मावशी दर महिन्याला हसत हसत शिरत होती.

समोर बारवीचे दरवाजे मिटलेले होते. तेही स्वयंचलित आहेत; पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात. परंतु पावसाळ्यात धरण भरत आले की खालच्या नदीकाठच्या गावांना आधी इशारा दिला जातो. दार उघडावयास माणूस लागत नाही; खाली कोण आहे, याची काळजी मात्र माणसालाच करावी लागते.

घरी पोहोचताच भाचीने मागणीच्या कागदावरचा जन्मतारखेचा रकाना काढून टाकला. जुन्या सगळ्या तारखाही पुसल्या. आता पुडक्यात एक चिठ्ठी असते : पुढच्या मापाची आठवण हवी असेल तर कळवा. ज्या कळवितात त्यांनाच आठवण जाते, तीही एकदाच, आणि खाली दुकानाचे नाव असते. पहिल्या तीन महिन्यांत पुडकी चारशेवरून अडीचशेवर आली. दोन बायकांना अर्धाच दिवस काम देता आले, आणि भाचीने स्वतःचा पगार घेणे थांबविले. माझ्या दोन लाखांचा हप्ताही लांबला. आता आकडा तीनशेच्या पुढे सरकला आहे. चारशेवर कधी जाईल ते सांगता येत नाही. तिने केले ते धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, असे मी म्हणणार नाही. वाढ थोडी आखूड झाली, एवढे खरे.

त्या आजोबांना उत्तर लिहावे, असे मला फार वाटत होते. तीन रात्री बसून मी एक पत्र तयार केले. क्षमा मागितली, दुःखात सहभागी असल्याचे लिहिले, आणि आयुष्यात प्रथमच एकेक शब्द तोलून पाहिला. पत्र चांगले उतरले होते, असे आजही वाटते. भाचीने ते शेवटपर्यंत वाचले, घडी घालून माझ्या हातात परत दिले आणि हळूच म्हणाली, "मामा, त्यांनी पत्रं बंद करा म्हटलंय ना?"

ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.